निम्म्याचं निम्मं

दोन हातमोजे, मनगटावर चिकटपट्टी,
कानामागे हवेच्या यंत्राची घरघर.
एकदा आत गेलं की तीन तास पाणी नाही,
नाकाला खाज सुटली तर ती तशीच सोसायची.
परुमल काचेपलीकडून अंगठा दाखवतो:
दाब ठीक आहे, कर सुरू.

छप्पन्न नंबरचं रक्त आज बर्फातून काढलं.
रक्त कसलं, वर साचलेलं पाणी,
वाळल्या गवताच्या रंगाचं.
विसात एक. चाळिसात एक. ऐंशीत एक.
प्रत्येक खळग्यात निम्मं, पुढच्यात निम्म्याचं निम्मं,
शेवटच्या खळग्यापर्यंत
माणूस उरतो नावापुरता,
आणि नाव तर आम्हाला ठाऊकच नसतं.

मग विषाणू सोडायचा.
डावीकडे जुना, उजवीकडे नवा.
नव्याचं अजून बारसं झालेलं नाही.
अक्षरं, टिंबं, आकडे;
गल्ली, पोटगल्ली, मागचं दार,
असा नुसता पत्ता.

सगळ्यात खालची रांग माझी.
तुलनेला आम्ही आमचंच रक्त घेतो, स्वस्त पडतं.

रात्री आठला डर्बन काळोखात गेलं.
लोडशेडिंग साडेदहापर्यंत, जनरेटर दोनदा खोकून गप्प.
उणे ऐंशीचा फ्रीझर
उणे चौऱ्याहत्तर, उणे एकाहत्तर.
मी दाराला पाठ लावून बसले,
जणू माझ्या पाठीनं थंडी आत राहणार होती.
पहारेकरी शेझीबाबा टॉर्च घेऊन आले.
"पोरी, आत आहे तरी काय एवढं?"
"लोक आहेत, बाबा."
त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.
मला तसं म्हणायचं नव्हतं.

उमलाझीला पोचले तेव्हा आई जागीच होती.
"थोबिले, जेवलीस?"
थोबिले माझी थोरली बहीण.
आमच्या वस्तीच्या दवाखान्यात
त्या दुसऱ्या, जुन्या विषाणूवरच्या गोळ्या आल्या
त्याच्या आदल्या हिवाळ्यात ती गेली.
मी तेव्हा अकरा वर्षांची होते, आता तिच्याहून मोठी आहे.
दोन वर्षं झाली, आई मला तिच्याच नावानं बोलावते.
सुरुवातीला मी दुरुस्त करायचे.
आता जेवले म्हणते.

परवा भिंगाखाली ठिपके मोजले.
एक ठिपका म्हणजे जिथं तो सुटला ती जागा.
छप्पन्नच्या उजव्या बाजूला ठिपकेच ठिपके,
अंगावर गोवर उठावा तसे.
रक्त लढलं नाही असं नाही,
भरपूर लढलं,
फक्त जुन्याशीच लढत राहिलं.
समोर नवा उभा, आणि हे पहिल्याच्या नावानं ओरडतंय.
बैठकीत प्राध्यापिका म्हणाल्या,
रक्ताला पहिला चेहरा सोडवत नाही,
शोधनिबंधात हे उणीव म्हणून मांड.
माझा करार मार्चपर्यंत आहे.
मी मान डोलावली.

माझ्या रांगेत मात्र
चाळिसात एकला निम्मे अडले होते.
चुकीच्या नावानं हाक मारून
निम्मे.
मी पुन्हा मोजले, मग परुमलला मोजायला लावले.
तो म्हणाला, तुझ्यापेक्षा दोन जास्तच अडलेत.

त्या रात्री समुद्राकडून वारा सुटला,
पत्र्याचं एक टोक वाजत होतं.
"थोबिले, दार लाव."
मी लावलं.
थोबिलेला सांगितलं तरी दार लागतंच की.
मग अंधारातून, अर्धवट झोपेत, आई म्हणाली,
"कडी घातलीस का, नोकुखान्या?"

मी बराच वेळ कडीवर हात ठेवून उभी होते.

सकाळी वही उघडली.
तारीख घातली, ठिपके लिहिले, तापमान लिहिलं.
ते नाही लिहिलं.
एकदाच घडलेलं आम्ही धरत नाही.
तीनदा घडावं लागतं.