आकृती चार

सातपूरच्या शेडमध्ये तीन आठवडे
उषाकिरण लोणारीच्या मागे स्टूल टाकून बसलो.
तिला द्राक्षं विरळायची कात्री करायची होती,
मला, ती कसं ठरवते ते.

दर पाच मिनिटांनी नोंद.
११.०५ : मूठ दोन मिलिमीटरनं बारीक केली.
११.१० : परत जाड केली.
११.१५ : काही नाही. टेबलावरचा चहाचा डाग
नखानं खरवडते आहे.
(हे कुठल्या रकान्यात?)

माझ्याकडे चौकोन होते :
गरज, पर्याय, तुलना, निवड.
मधून बाण. एक बाण उलटा फिरून येणारा,
त्याचा मला फार अभिमान.

आत्ता हे का केलंस, मी विचारायचो.
बघू, म्हणायची.
मी लिहायचो : निर्णय पुढे ढकलला.
एकदा म्हणाली, हिचा आवाज बरा नाही,
आणि स्प्रिंग बदलली.
'आवाज'भोवती मी पेन्सिलनं गोल काढला.
तो अजून तसाच आहे.

गुरुवारी दिंडोरीच्या पुढे एका बागेत गेलो.
मांडवाखाली, दोन्ही हात वर,
पेठहून आलेली सोमीबाई गावित.
तिच्या हातात नमुना सातवा.
तिनं दोन घड विरळले,
कात्रीकडे एकदा पाहिलं,
कमरेची चिंधी ओढून दातानं फाडली,
अंगठ्याच्या जागी तीन वेढे दिले
आणि पुढच्या वेलीखाली सरकली.
बरी आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं.

उषाकिरण बघत होती.
मी घड्याळ पाहिलं. ३.४०.

येताना गाडीत कुणी बोललं नाही.
म्हसरूळच्या सिग्नलला ती म्हणाली,
रबराची ऑर्डर थांबवते, साचा नवा लागेल,
आणि घरी कोथिंबीर न्यायचीय, आठवण कर.
कधी ठरवलंस? मी विचारलं.
काय?

सरांना चिंधी पसंत पडली नाही.
शास्त्रीय नाव शोधा, म्हणाले.
शोधलं.
शेवटी निवडीच्या अलीकडे एक चौकोन काढला
आणि कोरा सोडला.

प्रबंध बांधून आला तेव्हा
शरणपूर रोडच्या छापखान्यातल्या पोरानं
चूक समजून तो करड्या रंगानं भरला होता.

चिंधी हिरवी होती.