विलंबाचे कारण

कलेक्टर कचेरीच्या भिंतीला टेकून माझं टेबल,
वर निळी ताडपत्री, समोर सायकलस्टँड.
मान वर केली की अजिंक्यतारा अर्धाच दिसतो,
उरलेला होर्डिंगमागं.
एकतीस वर्षं लोकांचे अर्ज टाईप करते.
नावदुरुस्ती, वारसनोंद, पाण्याच्या पाळीचा घोळ.
‘विलंबाचे कारण’ या रकान्यात
न विचारताच ‘अज्ञानामुळे’ टाकते.
साहेबलोकांना आवडतं ते. अर्ज पुढं सरकतो.

त्यांनी डिस्चार्ज बुक काढलं
तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून, कांदा सोलावा तसं.
हैबती कोंडिबा शेडगे, स्वयंपाकी, निवृत्त.
मुक्काम वडूजच्या पुढं दोन फाटे.
वय कागदावर एकोणऐंशी.
मागणी: एकाहत्तरच्या लढाईचं पदक.
“समद्या पलटणीला मिळालं. माझं ऱ्हायलं.”
शौर्याचं काही लिहायचं का, मी विचारलं.
“लिवा की. रोज राती चारशे चपात्या.”
ते हसले नाहीत. मीच हसले, मग थांबले.

पुढचा रकाना. सवयीनं बोटं निघाली: अज्ञा–
“न्हाय बाय. म्हाईत हुतं मला.
पत्र आल्तं तवाच. कणगीखाली घातलं.”

दस्तगीर मुलाणी त्यांच्याच गावचा, त्याच भटारखान्यातला.
रात्री वाळूतून डाळीची डेगची पुढं न्यायची,
एक कडी ह्यांच्या हातात, एक त्याच्या.
“गोळा कुटं पडला कळलं न्हाय.
येकदम समदं वजन माझ्याकडं आलं.”
एवढंच.
शेजारी झेरॉक्सवाल्याचा पंखा घरघरत होता.
डाळ सांडली का, ते मी विचारलं नाही.

चौऱ्याहत्तर साली रजिस्टर पोस्टानं
दस्तगीरचं पदक त्याच्या बायकोला आलं,
जैतुनबीला. वाचून दाखवायला हेच.
फीत कुठल्या बाजूनं, अक्षरं काय म्हणतात,
सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं,
“आन् तुमचं कुटाय?”
ह्यांच्या तोंडून गेलं, “मला न्हाय दिलं.”

“तिच्यापुढं छातीला काय लावनार हुतो मी?”

ते एक वाक्य खरं ठेवायचं
म्हणून पन्नास वर्षं काहीच मागायचं नाही.
ती मात्र गप्प बसली नाही.
सरपंचाला, तलाठ्याला, मतं मागायला येईल त्याला
बजावायची: आमच्या हैबतीभावजींवर अन्याव झालाय.
एका सव्वीस जानेवारीला तर तिनं माईकच धरला.
हे मागच्या रांगेत, मान खाली.
पोरांना वाटायचं, म्हातारा लाजतोय.

गेल्या मोहरमच्या आधी ती गेली.
चाळिसावं झाल्यावर सून घरी आली,
हळदीच्या डब्यात ठेवलेलं काहीतरी
हातावर टेकवून म्हणाली,
“आत्तींनी सांगितलंय, तुमास्नी द्याचं.
सरकारनं तुमचं ठिवलंच न्हवं.”

रुमालाची गाठ सोडून त्यांनी ते माझ्या कीबोर्डवर ठेवलं.
पडद्यावर न न न न न उमटत गेलं.
उचललं तर बोटांना हळदीचा वास.
कडेला बारीक कोरलेला नंबर, पुढं नाव: मुलाणी डी.
“हे परत करायचंय.
पन माझं दावल्याबगार सून घ्याची न्हाय.”

आलेले सगळे ‘न’ मी खोडले.
रकाना एका ओळीचा.
‘वैयक्तिक’ लिहिलं, ते नको वाटलं.
मग लिहिलं, ‘घरगुती अडचणीमुळे.’
त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “घरगुती म्हंजे?”
म्हणजे घरातलं, म्हटलं.
बोट तिथंच राहिलं जरा वेळ.
“असू द्या. खरं हाय ते.”

उत्तर यायला सहा महिने, कधी वर्षही.
“बरं,” म्हणाले, आणि पन्नास रुपये सुट्टे मोजून दिले.
सव्वातीनची वडूज गाठायची होती.
पोवई नाक्याच्या गर्दीत दिसेनासे होईपर्यंत बघत राहिले:
डावा हात खिशावर दाबून चाललेला माणूस,
दुसऱ्याचे पैसे जवळ असल्यासारखा.