तिसरा पाईप

शिवशरणची एस्टीम माझ्या शेडमध्ये येऊन
सात महिने झाले.
पुढचे दिवे नाहीत, बोनट भिंतीला टेकवलेलं,
आणि टर्बो, पुण्याच्या भंगारातला,
कुठल्याशा डिझेल गाडीचा,
बाकावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलाय.
त्याचं पातं बोटानं फिरवून बघितल्याशिवाय
येणारा कुणी चहाला हात लावत नाही.

नीलमनगर. मे महिना. पत्रा तापून पांढरा.
समोरच्या कारखान्यात टॉवेल विणतात सोळा माग,
त्यांचा कापूस उडत येतो
आरगॉनच्या नळीवर, माझ्या भुवयांवर.
टिग लावताना पंखा बंद.
वारा लागला की गॅस उडतो,
गॅस उडाला की वेल्डला जाळी पडते.
म्हणून मी असा बसतो, घामाच्या डबक्यात,
श्वास धरून, एका वेळी दोन इंच.

ह्या इंजिनाला टर्बो लावायचा मॅनिफोल्ड
दुकानात मागितला तर दुकानदार हसतो.
गॅस्केट पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिल फिरवली,
पुठ्ठ्यावरून बारा एमएमची प्लेट कापली,
भोकं मैनोद्दीननं पाडून दिली, शिव्यांसकट.
चार पाईप. चारांची लांबी सारखी हवी,
आणि वाटेत रेडिएटर, वाटेत स्टिअरिंगची दांडी.
पहिला गेला. दुसरा गेला. चौथाही.
तिसरा कुठूनच जाईना.
तार वाकवून बघितली, रात्री स्वप्नात वाकवली,
शेवटी पाईपच्या तेरा फाकी केल्या, मोसंबीसारख्या,
आणि एकेक फाक फिरवत फिरवत
त्याला घरी आणला.

मग घाई केली.
एका दमात सगळं शिवून टाकलं,
क्लॅम्प सोडला, आणि फ्लँज उचलली गेली
केळीसारखी.
पट्टी ठेवली तर खालून
आईच्या विडीचं पान आरपार.

नाना दारात उभे होते.
एकतीस वर्षं जॉबर, मागांनी कान नेले,
वेल्डिंगमधलं त्यांना काही कळत नाही.
म्हणाले, ताणा एकाच बाजूनं ओढलास.
म्हणाले, एक इथं, एक तिथं, मधे पाणी पी.
मी काही बोललो नाही. ऐकू आलंही नसतं.
फ्लँज कापली. नवी प्लेट आणली.
एक इथं, एक तिथं.
पाणी प्यायलो.

रविवारी संध्याकाळी चालू केली.
पहिल्या किल्लीला नाही. पाचव्या.
शेडमधल्या पान्यांना कंप सुटला,
शिवशरणनं मोबाइल वर धरला,
आणि त्या सगळ्या गडगडाटाखाली
टिक, टिक, टिक.
टॅपेट, शिवशरण म्हणाला.
गॅस्केट, मी म्हणालो.
तुझी अक्कल, मैनोद्दीन म्हणाला.

नानांनी आमची तोंडं हलताना बघितली.
खिशातून सुताचा तुकडा काढला,
वीतभर, दहा नंबरचा,
चिमटीत धरला, आणि इंजिन गरम व्हायच्या आत
एकेका जोडावरून फिरवत नेला,
मागावर तुटलेली तार शोधावी तसा.
पहिला पाईप. सूत सरळ.
दुसरा. सरळ.
तिसऱ्याच्या वळणाला, आतल्या बाजूला,
जिथं माझा हात धड पोचत नव्हता,
सूत थरथरलं.
‘इक्कड,’ नाना म्हणाले.

सुईच्या टोकाएवढं भोक.
सुताचं टोक काळं झालं होतं.
ते त्यांनी परत खिशात घातलं,
का ते विचारलं नाही.

मग बूस्ट आज बघायचं ना, शिवशरण.
इंजिन बंद कर, मी म्हणालो,
आणि ते बंद झालं तसा
समोरच्या मागांचा आवाज रस्ता ओलांडून आत आला.
मी ग्राइंडर शोधत होतो.
नाना चप्पल काढून फरशीवर उभे,
तळपायानं काहीतरी मोजत.
भिंतीकडचा एक, ते म्हणाले,
उद्यापर्यंत बंद पडतोय. सांगून ये त्यांना.