सातव्या घरातली चांदणी

महापे एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर
मला परत बोलावलंय.
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, दोन्ही गुडघे बदलले,
प्रोग्राम तोच.

शेजारी प्रांजली भोईर, घणसोलीची, तेवीस वर्षांची.
"मॅडम, हे अजून फेकून का नाही दिलं?"
दोनदा ठरलं होतं, मी सांगते.
एकदा नवं लिहून देणारी कंपनीच बुडाली,
एकदा नव्याचं व्याज तीन पैशांनी चुकलं
आणि ते तीन पैसे कुठे गेले
कुणालाच सांगता येईना.

कोबोलमध्ये वाक्य संपलं की टिंब द्यायचं.
विसरलात तर हिशेब पुढच्या वाक्यात वाहत जातो.
"आमच्या शिंगरे बाई अर्धा मार्क कापायच्या,"
ती म्हणते, आणि टिंबं मोजत बसते.

सातव्या घरात चांदणी असली
की ती ओळ यंत्र वाचत नाही.
ती आपल्यासाठी.
खाली सरकताना एक लागते:
तात्पुरतं. मार्चनंतर काढणे. शै. गु.
साल सत्त्याऐंशी.

शै. गु. म्हणजे मीच.
कुठला मार्च, कशासाठी,
काही म्हणजे काही आठवत नाही.
तिच्याखालच्या चार ओळींतून
महिनाअखेरीस
माझंसुद्धा पेन्शन निघतं.

प्रांजलीचं बोट डिलीटवर.
"काढू?"
थांब, म्हटलं, आधी चहा घेऊ.

चहा घेऊन आलो तर तिनं
माझ्या चांदणीखाली आपली एक मांडली:
विचारलं. आठवत नाही म्हणाल्या. प्रां. भो.
आजची तारीख,
आणि तिथे गरज नसताना
टिंब.