दोन धागे

बाळाप्पा सोनटक्के वडगावहून आले,
काखेत लॅपटॉप, जुन्या पदरात बांधलेला.
म्हणाले, "ह्याचा प्रोसेसर बदलून दे की बाई,
पोरगी डिझाईन उघडायला घेते
नि उघडोस्तोवर चहा निवतोय."

शहापूर खडे बाजारात, भांड्यांच्या दुकानावर
माझं टेबल: एक भिंग, एक दिवा, एक गरम टोक.
मी मागचे अकरा स्क्रू काढून बशीत ठेवले.
कीबोर्डखाली तूस.
वर राणी रंगाचा थर, त्याखाली मोरपंखी,
अगदी तळाशी फिका पिस्ता.
ते वाकून बघत राहिले.
"ही पिस्त्याची ऑर्डर पुराच्या आधीची.
पैसे अजून यायचे हायत."

ब्रशने झाडता झाडता मी सांगत गेले.
सेलेरॉन. कोर दोन.
"म्हणजे माग दोन."
थ्रेड दोन.
"थ्रेड म्हणजे?"
धागे, म्हटलं.
ते हसले, तंबाखूची गोळी गालात सरकली.
"दोनच? माझ्या ताण्यात चार हजार हायत बाई,
एक तुटला तर झोपेतनं उठतो मी."

वेग एक पॉइंट एक, म्हणजे
सेकंदाला एकशे दहा कोटी ठोके.
कामाचा रेटा आला तर दोन पॉइंट चारपर्यंत जातो,
पण थोडाच वेळ, मग तापतो, मग परत मूळ चालीवर.
"शेठ येऊन उभा राहिला की आमचा पंड्या असाच करतोय."
कॅश दोन एमबी.
हे कसं सांगावं कळेना.
लागणारा माल हाताशी ठेवायची जागा, म्हटलं,
तिथं नसला की लांब जाऊन आणायचा,
तेवढा वेळ सगळं उभं.
"कांडी," ते म्हणाले. "धोट्यातली कांडी संपली की माग उभा.
लहान कांडी घातलीय व्हय ह्यात?"
लहानच आहे.
"आणि सूत किती नंबरचं?"
चौदा नॅनोमीटर.
आकडा त्यांनी तोंडात घोळवला, बोटावर अंगठा चोळून पाहिला,
जसा नमुना बघतात.
"बारीक हाय."

मग मला ते सांगावं लागलं.
बदलता येत नाही.
हा बोर्डावरच डाखलाय,
बाराशे शहाण्णव ठिपक्यांनी, एकेक ठिपका मोहरीएवढाही नाही.
काढला तर दोन्ही जातील.
कोल्हापुरात घेतला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं,
बिल होतं, तवंदी घाट उतरताना
बसच्या खिडकीतनं उडालं.

बराच वेळ ते भिंगातून त्या काळ्या चौकोनाकडे बघत होते.
खाली कुणी हंडा आपटून पाहत होतं, गळतो का.
माझं म्हणाल तर मला
त्या चौकोनाची कधी कीव आली नव्हती.
दिवसाला चार तरी येतात असे, मी शिव्याच देते.

डिस्क बदलली. फिरणारी काढून न फिरणारी घातली.
रॅम चारची आठ केली, त्याच्यापुढे तो घेत नाही.
तीन हजार आठशे झाले, त्यांनी तीन दिले,
उरलेले गणपतीनंतर.
तूस मात्र कागदात बांधून मागितली.
का ते विचारलं नाही मी.

आठवड्यानं फोन आला, दुपारी, लोडशेडिंगच्या वेळी.
आधी ओळखलंच नाही,
कारण त्यांच्या फोनमागे नेहमी खटाखट असते
आणि आज गल्लीभर नुसती शांतता,
कुणाचं तरी कुकर, एक कोंबडा.
"बाई, तू म्हणालीस ते किती वॅट?"
सहा.
"आमचे सहाही माग उभे हायत बघ. सगळी गल्ली उभी हाय."
मग कुणाला तरी ओरडले, कन्नडमध्ये, दार लाव म्हणून,
नि पुन्हा माझ्याशी, हळू आवाजात,
जणू पाळण्यातलं जागं होईल:
"पोरगी पदराची कोयरी काढतीय.
दोन धाग्यावर.
अर्धी झाली."