एक फुटावर एक

आधी मी ठोकून बघतो.
स्क्रूड्रायव्हरची मूठ, चौकटीवर, वरून खाली,
ठक, ठक, ठक, मग मध्येच
लाकूड वेगळं काहीतरी बोलतं.
भांडुपची मनपा शाळा, तळमजला, दप्तरखोली.
गुडघ्याच्या खाली ते दार नव्हतंच,
नुसता ऑइलपेंट उभा होता.

खोपकर बाई म्हणाल्या, काल तर बरं होतं.
सगळे हेच म्हणतात.
मी त्यांना कान लावायला सांगितला.
आत वाळू चाळल्यासारखं.
शिपाई आहेत, म्हटलं, डोकी आपटतायत,
आपण आलोय ते मागच्यांना कळवतायत. आंधळे सगळे.
बाईंनी कान काढून घेतला, पदराने पुसला.

कपाटामागून मातीची वाट वर चढलेली,
पेन्सिलीएवढी जाड,
मुतारीच्या गळक्या पाइपापासून
थेट चौसष्ट सालच्या जनरल रजिस्टरपर्यंत.
उजेड नको, वारा नको, ओल हवी,
म्हणून रस्ता बांधायचा तोच छपरासकट.
माती, थुंकी, आणि खाल्लेल्यातलं उरलेलं.
आमच्या वॉर्डाला एवढ्या पावसाळ्यांत जमलं नाही ते.

रजिस्टर उघडलं.
पुठ्ठा शाबूत, कडा शाबूत, आत ओली माती.
नाव, बापाचं नाव, जन्मतारीख,
शाळा सोडल्याचं कारण.
टाचण्या तेवढ्या टाकल्या होत्या, गंजलेल्या.
खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ तासभर उभे.
तातू भिवा लोके, म्हणाले, चौथी पास,
दाखल्याला आलोय.
बाई मातीकडे बघत म्हणाल्या,
जेवणानंतर या.

मग मशीन लावलं.
भिंतीला धरून, एक फुटावर एक भोक.
वरच्या वर्गात पाढे चालले होते,
ड्रिल सुरू झालं की गप्प,
थांबलं की तेरा सत्ते.

पूर्वीचं औषध वासाचं. नाकाला रुमाल बांधून मारायचो.
तिला लांबूनच कळायचं, ती वळायची,
शेजाऱ्याकडे जायची.
आताचं पाण्यासारखं.
वास नाही, चव नाही,
ती त्यातून चालत जाते
आणि घरी जाते.
घरी राणी, जिला स्वतःचं पोट ओढवत नाही.
शिपाई, ज्यांचे जबडे एवढे वाढलेले
की घासच घेता येत नाही.
पिल्लं.
सगळ्यांना भरवायचं तिनेच, तोंडातून तोंडात.
मी पन्नास भोकांत ओततो,
पुढचं काम तिचं.
एकटी खाणारी असती
तर एकटीच मेली असती.
कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये हे पडद्यावर दाखवलं होतं,
चहाच्या आधी.

बाईंनी विचारलं, गॅरंटी किती?
पाच वर्षं, म्हटलं, भिंतीची.
जमिनीची कोण देणार?
शाळा नव्हती तेव्हा इथे झाडं असतील,
झाडं पडत असतील,
पडलेली खोडं ह्यांनीच संपवली असतील
कोणी बोलावल्याशिवाय, कोणी बिल लावल्याशिवाय.
त्याच मातीवर तुमचा पाया.
बाई म्हणाल्या, हे पावतीवर लिहू नका.

सतरा वर्षं करतोय मी हे.
जूनमध्ये ट्यूबलाइटखाली पंखांचा ढीग दिसला
की लोक झाडू घेतात, मला फोन करत नाहीत.
पंख गाळून जोड्या केव्हाच निघून गेलेल्या असतात,
पुढे मादी, मागे नर,
फरशीच्या फटीत घर शोधत.
फोन येतो सहा वर्षांनी.

पांढऱ्या सिमेंटने भोकं बुजवली.
मातीचं रजिस्टर बाईंनी परत कपाटात ठेवलं,
चौसष्टच्या जागी, नीट, उभं.
लोके आजोबा जिन्याच्या पायरीवर बसले होते.
त्यांच्या शेजारीच आम्ही डबा उघडला.
अफरोजने बोंबलाचा तुकडा भाकरीत गुंडाळून
माझ्या तोंडासमोर धरला.
थांब, म्हटलं, हात धुतलेस?
तो नळापर्यंत जाऊन आला.
पाणी दोनला येतं, म्हणाला.
झाकण परत लावलं.
तिघेही दोन वाजायची वाट बघत बसलो.