बारावी बशी

लोटलीच्या एर्मेलिंदाबायनं अकरा बश्या पाठवल्या
काजूच्या खोक्यात, भाताच्या तुसात पुरून.
सोबत चिठ्ठी: बारावी नाताळात फुटली.
कुठल्या नाताळात, ते नव्हतं.

डिचोलीची आमची शेड रस्त्यालगत.
खाणीचे ट्रक गेले की खिडकीवर ओलं फडकं टांगायचं.
तांबड्या धुळीचा एक कण बसला
तरी भट्टीत बशीवर तपकिरी तीळ उठतो.

अकराही टेबलावर मांडल्या.
तोच पक्षी, तीच डाळिंबाची फांदी,
काठाला दोन रेघा, एक जाड, एक केसाएवढी.
शाबलो म्हणाला, सोपं आहे, छापून घे.
पण आग सातातला एक भाग खाते.
पक्षी मोठा काढायचा, फांदी लांबवायची,
आणि आकसण्यावर भरवसा ठेवायचा.

शिवाय कोबाल्ट ओला असताना निळा नसतोच.
राखेत पाणी घातल्यासारखा, मळका.
माझ्या हातून गेलेला सगळा निळा
मी करडा बघूनच काढलाय.

तिसऱ्या दिवशी भिंगातून दिसलं:
सहा बश्यांत पंखाचा फटकारा उजवीकडे सुटतो
आणि टोकाला कुंचला रेंगाळतो, थेंब सोडतो.
उरलेल्या पाचांत उलट.
थेंब नाही, डोळा एका टिंबात उरकलेला.

म्हणजे दोघं होते.
पहिल्याला ताप आला,
की मजुरीवरून वाजलं मालकाशी,
की नुसतं जेवायला उठला तो,
आणि शेजारच्या डावखुऱ्यानं
राहिलेली चळत पुढ्यात ओढली?

सहा आणि पाच.
हिशेबानं फुटलेली डावखुऱ्याची.
मी चार कोऱ्या बश्या डाव्या हातानं नासल्या,
ओल्या बोळ्यानं पुसल्या.
पाचवीला पंख एका दमात उतरला.
झिलईत बुडवली तेव्हा
पक्षी दुधाखाली गेला, दिसेना.

भट्टी निवायला दीड दिवस.
शाबलोनं दार उघडलं, बशी अजून कोमट होती.
निळी. मापाची. तीळ नाही.
पंखाच्या टोकाला मात्र एक थेंब,
जो मी सोडल्याचं मला आठवत नाही.

"चुकली?" शाबलोनं विचारलं.
मी तूस पसरलं,
पाच आणि सहा यांच्या मधोमध ती ठेवली,
आणि बिलावर लिहिलं: बशी, नग एक.